शरभाच्या खांद्याचे हाड

ज्या प्राण्याला कोणी कधी पाहिलेलेच नाही, तो काढताना चूक होणार कशी? आणि जे चित्र संगणकावर झाले, त्यात काढणाऱ्याच्या हाताचे ते काय? हे दोन प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. विचारणारे त्यांना प्रश्न म्हणतात खरे, पण त्यांच्या लेखी तो निकाल असतो. अलीकडे ते पुन्हा कानांवर आले एका कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात, परीक्षकांच्या टेबलावर. आम्ही तिघे परीक्षक होतो. समोर एका विद्यार्थिनीने टॅबलेटवर रंगवलेला शरभ होता: सिंहाचे शरीर, पाठीवर पंख, पुढच्या पंजाखाली दबलेला हत्ती. आमच्यातले ज्येष्ठ चित्रकार, ज्यांच्या जलरंगांपुढे मी आजही नम्र होतो, त्यांनी चित्राकडे पाच सेकंद पाहिले आणि म्हणाले, "कल्पनाचित्र आहे, यात अभ्यास काय दिसणार? शिवाय मशीनवरचे." चित्र बाजूला गेले. त्या दिवशी अजून शंभरावर चित्रे पाहायची होती, म्हणून मी वाद घातला नाही. तो वाद आज इथे घालतो आहे.

आधी एक गोष्ट कबूल करतो. त्या शरभात चूक होती, आणि ठळक होती. पंख पाठीच्या मध्यावर, कण्याला चिकटवल्यासारखे बसवले होते. पंख हा प्राण्याचा हात आहे. पक्ष्यात आणि वटवाघळात खांदा, दंड, कोपर, मनगट, बोटे अशी सगळी साखळी त्यात असते, आणि तो हलवायला छातीवर स्नायूंचा जाड थर लागतो. पक्ष्याच्या छातीचे हाड होडीच्या तळासारखे पुढे आलेले असते ते त्यासाठीच; स्नायूंना धरायला जागा हवी. या मुलीच्या शरभाला पुढच्या पायांचे खांदे होते, पण पंखांना खांदाच नव्हता. ते पंख उघडतील यावर माझा विश्वास बसेना. आमच्या ज्येष्ठांनी पाचाऐवजी पन्नास सेकंद पाहिले असते, तर ही चूक त्यांनाही दिसली असती आणि तिला ती सांगता आली असती. कल्पित प्राण्यात चूक होऊ शकत नाही असे मानल्यामुळे त्या मुलीचे सर्वांत मोठे नुकसान हे झाले. बक्षीस हुकले त्याचे मला फार वाटत नाही. तिच्या चित्राला खऱ्या चित्रासारखे तपासण्याचा मान मिळाला नाही, त्याचे वाटते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत याच प्रश्नाला हात घातला आहे. कल्पित प्राणी खरा वाटावा असे वाटत असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कुठल्यातरी खऱ्या प्राण्याचा असला पाहिजे, असे तो सांगतो आणि पाककृतीसारखी यादीच देतो. डोके शिकारी कुत्र्याचे, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचे, भुवया सिंहाच्या, कानशिले म्हाताऱ्या कोंबड्याची, मान पाणकासवाची. ही यादी वाचताना माझे लक्ष ‘म्हाताऱ्या’ या शब्दावर अडते. नुसता कोंबडा त्याला चालत नाही. म्हाताऱ्या कोंबड्याच्या कानशिलाची कातडी कशी सुरकुतते हे त्याने पाहिलेले आहे, आणि आपल्या राक्षसी प्राण्याला नेमकी तीच सुरकुती हवी हे त्याला ठाऊक आहे. अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

लिओनार्दोपर्यंत जायचेही कारण नाही. पेणला जा. गणपतीची मूर्ती म्हणजे मानवी धडावर हत्तीचे डोके. हत्तीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात; तो समोर बघतो तेव्हाही आपल्याला त्याचे दोन्ही डोळे एकत्र, भरून, क्वचितच दिसतात. पण देव भक्ताकडे बघायला हवा. म्हणून मूर्तिकार ते डोळे पुढे आणतो, माणसासारखे लांबट करतो, आणि तरीही सोंडेचे मूळ, गंडस्थळाचे दोन उंचवटे, कानाची पातळ पाळी हत्तीचीच ठेवतो. हत्तीची मान आखूड असते; माणसाच्या खांद्यांवर ती तशीच बसवली तर मूर्ती कुबडी दिसेल. मग दागिन्यांच्या, उपरण्याच्या आधाराने तो जोड सावरला जातो. कुठे हत्तीशी प्रामाणिक राहायचे आणि कुठे त्याला सोडायचे, हे ज्याला हत्ती माहीत आहे त्यालाच ठरवता येते. सोंडेत हाड नाही हे ज्याला कळलेले नाही, त्याची सोंड नळासारखी वाकते. ज्याला कळले आहे त्याची सोंड वळते, आणि वळणाच्या आतल्या बाजूला वळ्या दाटतात. दर भाद्रपदात आपण हा फरक पाहतो. एखाद्या मूर्तीपुढे पाय थबकतात आणि शेजारच्या मूर्तीपुढे थबकत नाहीत, त्यामागे हे असते. तरी वर म्हणायचे की कल्पित प्राण्यात चुकायला जागा नाही!

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात नृसिंह आहे. सिंहाचे डोके त्याच्या आडव्या कण्याच्या पुढे लोंबते. माणसाच्या उभ्या कण्यावर ते ठेवायचे तर मानेचा कोन बदलावा लागतो. आपल्याकडे नृसिंह घडवणाऱ्यांनी आयाळीचा उपयोग नेमका इथे करून घेतला: जोड तिच्याखाली घेतला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या एका स्तंभशीर्षावर चार हरणे आहेत आणि चौघांत मिळून डोके एकच आहे. तिथे जाल तेव्हा एक करून पाहा. लांबून तळहात धरून तीन शरीरे झाका. उरलेले हरीण पूर्ण आहे, त्याला काही कमी नाही. मग हात सरकवून दुसरे शरीर उघडे ठेवा, तेही पूर्ण. ही गंमत जमते, कारण चारही शरीरे हरणाचीच आहेत, मान प्रत्येक वेळी हरणाच्याच मानेसारखी वळते. एक शरीर जरी ढोबळ असते तर सगळा खेळ मोडला असता. ओडिशात सरळा दासांच्या महाभारतातला नवगुंजर पटचित्रांत पिढ्यान्‌पिढ्या काढला जातो: कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, आणि एक हात माणसाचा. पटचित्राची शैली सपाट आणि अलंकारिक, छायाप्रकाशाचा पत्ता नाही. तरीही वशिंड वशिंडाच्याच जागी येते. अभ्यास म्हणजे फोटोसारखे काढणे असे मी म्हणत नाही, हे इथेच स्पष्ट झालेले बरे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने घातला. "सर, ड्यूररच्या गेंड्याचे काय?" गोष्ट आपल्या शेजारची आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि 20 मे रोजी लिस्बनला उतरला. त्याचे एक वर्णन आणि एक कच्चे रेखाटन न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्ट ड्यूररपर्यंत पोहोचले. ड्यूररने गेंडा पाहिला नाही, पुढेही कधी पाहिला नाही. त्याने त्या आधारावर लाकडी ठशाचे चित्र केले: अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखी कातडी, पायांवर खवले, मानेमागे एक जादाचे छोटे शिंग. चुकाच चुका. आणि युरोप पुढची दोनशेहून जास्त वर्षे याच चित्राला गेंडा मानत राहिला. बिचारा खरा गेंडा 1516 च्या सुरुवातीला, पोपकडे पाठवला जात असताना, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून साखळदंडासकट बुडाला. म्हणजे न पाहता काढलेले चित्रच टिकले. मग पाहण्याचा आग्रह कशासाठी?

या आक्षेपाने मला बरेच दिवस विचार करायला लावला. माझे उत्तर असे. ड्यूररने गेंडा पाहिला नव्हता, पण त्याच्या तेरा वर्षे आधी, 1502 मध्ये, त्याने एक ससा जलरंगात रंगवला होता. त्या सशाच्या अंगावर केस कुठे आडवे पडतात, कुठे भोवऱ्यासारखे फिरतात, कानाच्या कडेला कसे विरळ होतात हे दिसते. त्याच्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा आहे. गेंडा काढताना हा माणूस रिकाम्या डोळ्यांनी बसलेला नव्हता. जड जनावराचे वजन चार पायांवर कसे उतरते, पोट कसे खाली ओढते, मान खाली घातली की खांद्याशी कातडी कशी गोळा होते, हे त्याच्याजवळ होते. न्यूरेंबर्ग चिलखते घडवणाऱ्यांचे शहर होते. पत्रा पत्र्यावर कसा चढतो, खिळे कुठे येतात, हेही त्याला पाठ असणार. त्याने गेंड्याबद्दल चुका केल्या, पण ज्या गोष्टी त्याने पाहिल्या होत्या त्यांबद्दल एकही केली नाही. म्हणून तो प्राणी उभा राहतो. माझ्या विद्यार्थ्याचा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देऊन जातो.

आणि जिथे प्राणी समोर मिळाला तिथे काय झाले तेही सांगतो. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी जहांगिराच्या दरबारी आणले, त्यांत एक टर्की होता. जहांगिराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत. आपण ती काढवून घेतो. टर्कीच्या डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा बदलत राहतो हेही त्याने टिपले. उस्ताद मन्सूरने तो टर्की रंगवला. पुढे 1621 मध्ये झेब्रा आला तेव्हा काही लोकांना संशय आला की घोड्यावर कोणी पट्टे रंगवले असावेत. नीट तपासून खात्री करून घेतली गेली. दरबारातल्या कोणालाही माहीत नसलेला प्राणी काढताना मन्सूरने तो कसाही काढला असता तर कोणी विचारणारे नव्हते. तरी त्याने तसे केले नाही.

आता दुसरा प्रश्न, यंत्राचा. इथे माझा सूर थोडा चढेल, कारण हा आक्षेप घेणाऱ्या बहुतेकांनी स्टायलस हातात धरलेला नसतो. टॅबलेटचा पेन आठ हजारांवर पातळ्यांचा दाब ओळखतो, हे खरे. पण दाब देतो कोण? पेनाला वाघ माहीत नाही. वाघाच्या डोळ्याची बाहुली गोल असते आणि घरच्या मांजराची उभी चीर होते, बकरीची आडवी. नागाची गोल, घोणसाची उभी: हे कुठल्याही मेनूत सापडत नाही. कितीतरी मुले वाघाला मांजराचे डोळे देतात आणि तो वाघ भीतिदायक का वाटत नाही म्हणून रंग गडद करत बसतात. सापाच्या पाठीवर खवल्यांच्या अनेक रांगा असतात, पण पोटाखाली रुंद खवल्यांची एकच रांग. खवल्यांचा तयार ब्रश घेतला की तो पाठ आणि पोट दोन्हीकडे सारखेच छापतो, आणि नागकन्येचे अंग फरशी बसवल्यासारखे दिसते. कुत्र्याच्या मागच्या पायाचा ‘उलटा गुडघा’ म्हणजे त्याची टाच असते, खरा गुडघा वर पोटाजवळ. हे ज्याला माहीत नाही त्याचा लांडगा कागदावर लंगडतो आणि पडद्यावरही लंगडतो.

साधनाने काम सोपे होते म्हणून ते खोटे ठरत असेल तर मग बरेच काही खोटे ठरेल. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग आज स्प्रे गनने मारतात. पण आखणीची वेळ आली, म्हणजे डोळे लिहायचे झाले, की तिथे कुंचला आणि मुरलेला हातच लागतो, आणि त्या हाताचा मान कोणी कमी केलेला नाही. ड्यूररच्या काळात ठसा कोरणारा कारागीर वेगळा असे. चित्रकार रेघ देई, दुसरा ती लाकडात उतरवी, तिसरा छापी. तरी गेंडा ड्यूररचाच. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि देवादिकांची चित्रे घराघरांत पोहोचली. छापलेली म्हणून ती चित्रेच नव्हेत असे आपल्या आज्यांना सांगून पाहायला हवे होते.

डिजिटल रंगकामात जे नवे आहे त्यातले बरेचसे जुनेच आहे. चित्र आडवे उलटून चुका शोधण्याची सोय आज एका बोटाच्या अंतरावर असते. अल्बेर्ती आणि लिओनार्दो त्याच कामासाठी आरसा वापरायला सांगत. लेयर वेगवेगळे ठेवून आधी सांगाडा, मग स्नायू, मग कातडी चढवणे हा तर शरीररचनेचा धडाच आहे, फक्त तो आता पुसून पुन्हा गिरवता येतो. माझ्या वर्गात मी मुलांना पहिल्या लेयरवर हाडे काढायला लावतो आणि चित्र पूर्ण झाले तरी तो लेयर काढू देत नाही, नुसता झाकून ठेवतो. शंका आली की उघडून पाहायचा.

धोके नाहीत असे नाही. ‘अनडू’ने हात भित्रा होतो. कागदावर चुकलेली रेघ दिसत राहते, तिच्या शेजारी दुसरी मारावी लागते आणि दोघींतला फरक डोळ्यांना शिकवतो. पडद्यावर चूक नाहीशी होते आणि तिच्याबरोबर धडाही जातो. केसांचा ब्रश तर मी पहिले सहा महिने वापरू देत नाही. केस स्नायूच्या वळणाने वाहतात, नाकावर आखूड, गालावर लांब, खांद्यावर दिशा बदलून. ब्रशने एका दमात भरलेले अंग गालिच्यासारखे दिसते. ज्येष्ठांनी या दोषांवर बोट ठेवले असते तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्यांनी ठेवले ते सगळ्या माध्यमावर.

काही वाचक म्हणतील की हा वाद आता शिळा झाला. चार शब्द लिहिले की यंत्र शरभ काढून देते, पंखांसह. देते. काही वेळा देखणाही देते. पण त्या चित्रातला खांदा तिथेच का आहे, हे मागणाऱ्याला माहीत नसते. त्याला कोणी म्हणाले की हा प्राणी आता मागे वळून बघताना दाखव, पंख अर्धे मिटलेले हवेत, तर तो पुन्हा चार शब्द लिहितो आणि नशिबाची वाट बघतो. चूक आली तर ती चूक आहे हे ओळखणारा डोळा त्याच्याजवळ तयार झालेला नसतो. शिवाय ही यंत्रे ज्या चित्रांवर वाढली ती जिवंत माणसांनी काढलेली आहेत, त्यांना न विचारता घेतलेली. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेत तिघा कलावंतांनी याच कारणासाठी कोर्टात धाव घेतली. यंत्राने काढून दिलेले आणि टॅबलेटवर हाताने रंगवलेले यांत फरक न करता दोन्हींना ‘मशीनवरचे’ म्हणणे, हा त्या मुलीवर झालेला दुसरा अन्याय. तिने त्या शरभावर तीन आठवडे घालवले होते. तिच्या वहीत शिवनेरीच्या दरवाजावरच्या शरभाची पेन्सिल रेखाटने होती, जंजिऱ्याच्या दरवाजातल्या, पंजांत हत्ती पकडलेल्या प्राण्याची होती, आणि गल्लीतल्या झोपलेल्या कुत्र्याची तर पाने भरून होती.

पडद्यावरच्या प्राण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर जिथे होते तिथली माणसे काय करतात तेही पाहा. 1942 च्या ‘बॅम्बी’साठी डिस्नेच्या स्टुडिओत हरणाची पाडसे आणून ठेवली होती आणि रिको लब्रन या चित्रकाराने ॲनिमेटरांना हरणाच्या शरीररचनेचे धडे दिले. 1999 च्या ‘स्टार वॉर्स’पटातले परग्रहावरचे प्राणी रचणारी टेरिल व्हिटलॅच प्राणिशास्त्र शिकलेली आहे. जिथे प्राणी संपूर्ण कल्पित, तिथे प्राणिशास्त्र शिकलेले माणूस नेमतात.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट देणाऱ्या मुलाला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती यांचा सराव होतो. त्यात प्राणी आलाच तर स्मरणचित्राच्या कोपऱ्यात, गाडीला जुंपलेल्या बैलाच्या रूपात येतो, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चित्रावरून पाठ केलेला. ज्या राज्यात पोळ्याला घरोघरी मातीचे बैल होतात, तिथल्या मुलाला खिलार बैलाची शिंगे मागे कशी झुकतात हे काढता येऊ नये, याचे दुःख आमच्या ज्येष्ठांनाही असेल असे मला वाटते. मग जी मुले शरभ, मकर, गरुड काढण्याच्या ओढीने का होईना प्राण्यांकडे वळली आहेत, त्यांना दारातून परत का पाठवायचे? गरुडाच्या ओढीने मूल घारीकडे बघू लागते. मी हे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात दर रविवारी पाहतो. गर्दी वाघाच्या फोटोसाठी पुढे सरकत असते आणि आमची चार-पाच मुले कठड्याशी बसून, तो कूस बदलेल तेव्हा खांद्याचे पाते कातडीखाली कसे सरकते ते टिपत असतात.

प्रदर्शन उतरले त्या दिवशी ती मुलगी आपली चित्रे न्यायला आली. मी तिला बाजूला घेऊन पंखांची चूक सांगितली. तिने आधी चित्राकडे पाहिले, मग स्वतःचा हात बाजूला पसरून दुसऱ्या हाताने खांदा चाचपला. म्हणाली, "म्हणजे चार पाय आणि दोन पंख, तर खांदे चार हवेत. मग फासळ्या मागे सरकतील." पुढच्या आठवड्यात तिने फोनवर घारीची दहा-बारा रेखाटने पाठवली, गच्चीवरून काढलेली, पंख वर, पंख खाली, वळताना शेपूट एका अंगाला झुकलेली. त्यांच्यानंतर शरभाची फाइल आली. रंगाचे सगळे लेयर तिने काढून टाकले होते. उरला होता फक्त हाडांचा, आणि त्यात पुढच्या पायाच्या खांद्यामागे दुसऱ्या खांद्याचे पाते नव्याने काढायला घेतले होते.